सहा फुटी शहरातली ई-सायकल

ई-सायकल म्हणजे जिला पायडलही आहे, बॅटरीही आहे, आणि चालवणाऱ्याच्या कष्टांत एक छोटी मोटर भागीदार झाली आहे अशी सायकल. मोटर २५० वॅटच्या आतली असली आणि ताशी २५ किलोमीटरला तिने मदतीचा हात काढून घेतला, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या हिशेबाने ती मोटार वाहन ठरत नाही. नंबरप्लेट नाही, परवाना नाही, विमा नाही. चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांमुळे घरबसल्या चलन येण्याची सवय झालेल्या चंडीगडकराला यापैकी पहिलीच सवलत सर्वांत मोलाची वाटते.

या वाहनासाठी चंडीगडइतके सोयीचे शहर देशात शोधून सापडायचे नाही. प्रत्येक सेक्टर साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटरचा, रस्ते काटकोनात, दुतर्फा झाडे, आणि मध्य मार्गासारख्या मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकलींची वेगळी वाट. जमीन ईशान्येच्या शिवालिक टेकड्यांकडून नैऋत्येकडे अगदी हलकी उतरते. म्हणजे सुखना तलावाकडे जाताना मोटरचे उपकार आणि घरी येताना भूगोलाचे. प्रशासनही या बाबतीत उत्साही. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक वाहनांचे धोरण आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तर पेट्रोलच्या नव्या दुचाकींची नोंदणीच काही काळ थांबवली गेली. तेव्हा बऱ्याच ग्राहकांनी मोहाली-पंचकुल्याची वाट धरली. शेजारी दोन राज्ये असली की नियमाला पळवाट चालत जाण्याच्या अंतरावर सापडते. त्यातून शंभरेक किलोमीटरवर लुधियाना, म्हणजे भारतीय सायकलींचे माहेर. १९५६ मध्ये तिथेच मुंजाल बंधूंनी हीरो सायकल्स सुरू केली. तेव्हा चंडीगडच्या दुकानांत मालाला तोटा नाही. तोटा असलाच तर तो मोजपट्टीचा.

ई-सायकल घ्यायला आलेला माणूस ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतो. एका चार्जिंगमध्ये किती जाते? चार्ज व्हायला किती वेळ? बॅटरीची वॉरंटी किती? मोबाईल लावायला जागा आहे का? मग थोडे संकोचून : काळ्यात आहे का? आपल्या पायांची लांबी हा प्रश्नपत्रिकेचा भाग आहे हे त्याच्या गावीही नसते. दुकानदारही तो विषय काढत नाही. त्याच्याकडे सर्व शंकांवर एकच औषध असते : ‘‘सीट नीचे कर देंगे जी, एकदम फिट!’’ दोनशे रुपयांची चप्पल घेताना हाच माणूस ती पायात घालून दुकानात चार फेऱ्या मारतो, अंगठा दाबून पाहतो, दुसरा नंबर मागवतो. तीस-चाळीस हजारांच्या सायकलीवर तो अर्धा मिनिट बसतो, घंटी वाजवतो आणि क्यूआर कोड मागतो.

यामागे एक समजूत आहे, आणि ती सगळ्या घोळाचे मूळ आहे. मोटर ढकलणारच आहे, मग सायकल मापाची असली काय, नसली काय! वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. साध्या सायकलीचे माप चुकले, तर दुसऱ्या दिवशी गुडघा बोलतो आणि माणूस पाना शोधतो. ई-सायकलीत मोटर गुडघ्याच्या वतीने बोलते, तक्रार दाबून टाकते, आणि ती महिनाभराने व्याजासह डॉक्टरांकडे पोचते.

माणसाच्या मापाने वस्तू घडवण्याचा विचार चंडीगडला नवा नाही. या शहराचा पायाच त्यावर आहे. त्याचा आराखडा करणारा वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए याने १९४० च्या दशकात ‘मोड्युलर’ नावाची मापपद्धती तयार केली. मानवी शरीराचे एक प्रमाण धरायचे आणि दार, ओटा, छत, कठडा सगळे त्या हिशेबात बसवायचे. आधी प्रमाणपुरुष १७५ सेंटीमीटर उंचीचा होता. मग तो १८३ सेंटीमीटरचा, म्हणजे सहा फुटी झाला. कारण ल कॉर्ब्युझिएने स्वतःच नोंदवून ठेवले आहे : एका सहकाऱ्याने लक्षात आणून दिले, की इंग्रजी रहस्यकथांमधले देखणे पुरुष, उदाहरणार्थ पोलिस, नेहमी सहा फुटांचे असतात. एवढ्या पुराव्यावर जगातल्या दारांची उंची ठरली. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास आणि स्त्रीची १५२ च्या आसपास. पण इंग्रजी रहस्यकथांत त्यांना काम कोण देणार!

पुढचा भाग त्याहून सरस आहे. मोड्युलरची मूळ फीत ल कॉर्ब्युझिए फिल्मच्या छोट्या ॲल्युमिनियमच्या डबीत घालून वर्षानुवर्षे खिशात बाळगत असे. मार्च १९५१ मध्ये नियोजित राजधानीच्या जागेची जीपमधून पाहणी करताना ती खिशातून शेतात पडली आणि पुन्हा सापडली नाही. याला त्याने शुभशकुन मानले; माप या मातीत मिसळले, असा त्याचा सूर होता. चंडीगडच्या सायकल दुकानांत मोजपट्टी का दिसत नाही, याचे इतके भारदस्त स्पष्टीकरण दुसऱ्या कुठल्या शहराकडे नसेल.

मराठी माणसाची मापाबद्दलची बेफिकिरी मात्र घरचीच. चंडीगडमधला मराठी माणूस बहुधा बदलीवर आलेला असतो : कोणी बँकेत, कोणी हवाई दलात, कोणी चंडीमंदिरच्या छावणीत, कोणी पीजीआय रुग्णालयात. त्यातल्या पन्नाशीपुढच्या पिढीने सायकल शिकली ती वडिलांच्या किंवा तासावर भाड्याने घेतलेल्या काळ्या २२ नाहीतर २४ इंची सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल मारत. सायकलीने आपल्या मापाचे असावे ही कल्पनाच तिथे नव्हती. सायकलीच्या मापाचे होईपर्यंत वाढायचे, हा रिवाज. त्या शिक्षणाचा संस्कार असा पक्का, की आजही दुकानातली सायकल अंगाला बसली नाही तर माणूस स्वतःलाच दोष देतो. ‘होईल सवय’ हे मराठी ग्राहकाचे सर्वांत महागात पडलेले वाक्य आहे.

दुकानात माप विचारलेच, तर उत्तर चाकाचे मिळते. ‘‘छब्बीस इंच जी, साढे सत्ताईस भी है, उनतीस भी.’’ ते चाकाच्या व्यासाचे आकडे झाले. बसणाऱ्याशी संबंध असतो तो फ्रेमच्या मापाशी, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीच्या लांबीशी आणि सीटपासून हँडलपर्यंतच्या अंतराशी. एकाच २६ इंची चाकावर १५ इंची फ्रेमही बसते आणि १८ इंचीही. स्वस्तातल्या अनेक ई-सायकली तर एकाच फ्रेममध्ये निघतात आणि माहितीपत्रकात ‘पाच फूट ते सहा फूट दोन इंच’ असा ऐसपैस पट्टा छापतात. पाच फुटांच्या आजी आणि सहा फूट दोन इंचांचा नातू यांना एकच कपडा शिवून देणारा शिंपी सेक्टर २२ च्या बाजारात एक दिवस टिकणार नाही.

निवडीची सुरुवात म्हणून घरातून करावी, भिंतीपाशी. उंची उपयोगाची नाही. उंची सांगताना माणूस बूट, केस आणि आशावाद धरून सांगतो. हवी ती जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, पावलांत वीतभर अंतर ठेवायचे, पुठ्ठाबांधणीची एक जाड वही दोन्ही पायांमध्ये धरून तिचा कणा सीटवर बसल्यासारखा दाब लागेपर्यंत वर ओढायचा, वहीची दुसरी कड भिंतीला टेकवून कणा काटकोनात ठेवायचा आणि वरच्या कडेशी पेन्सिलची खूण करायची. हा विधी एकट्याने नीट होत नाही. सेक्टर ३७ मधल्या एखाद्या सुसंस्कृत घरात रविवारी सकाळी गृहस्थ भिंतीला चिकटून हिशेबाची वही पायांत धरून उभे आहेत, बाई पेन्सिल तोंडात धरून ‘‘अहो, सरळ उभे राहा, पोट आत घेऊन माप बदलत नसतं,’’ म्हणताहेत आणि त्याच वेळी दारात भाजीवाला उभा आहे, हे दृश्य शास्त्रीय आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

समजा खूण जमिनीपासून ७६ सेंटीमीटरवर आली. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमंड याच्या नावाने ओळखला जाणारा हिशेब असा, की या लांबीला ०.८८३ ने गुणायचे. उत्तर येते सुमारे ६७ सेंटीमीटर. क्रँक ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून नळीच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत एवढे अंतर हवे. ज्यांचे गणिताशी वाकडे आहे त्यांनी टाचेची परीक्षा घ्यावी. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली न्यायचे आणि त्यावर टाच ठेवायची. गुडघा सरळ झाला म्हणजे उंची बरोबर. मग चालवताना पायडल चवड्याखाली येते आणि गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. हे दोन्ही आकडे सुरुवात करण्यापुरते. शेवटचा सेंटीमीटर ज्याचा त्याने चालवून ठरवायचा.

इथे भारतीय मन बंड करते. टाचेच्या मापाने सीट लावली, की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि दोन्ही पाय टेकणे ही आपल्याकडे सुरक्षिततेची व्याख्या आहे. म्हणून सीट शेवटपर्यंत खाली जाते, गुडघे हँडलच्या उंचीला येतात आणि सेक्टर १७ च्या दिशेने एक प्रौढ गृहस्थ लहान मुलाच्या तीनचाकीवर बसल्याच्या थाटात ताशी २५ च्या वेगाने निघतो. सीट फार खाली असली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, फार वर असली तर मागच्या बाजूला, आणि माणूस प्रत्येक पायडलला कमरेतून डावी-उजवीकडे डुलतो. ई-सायकलीच्या बाबतीत एक तडजोड मात्र न्याय्य आहे. वीस-पंचवीस किलोंचे धूड चौकाचौकांत थांबवायचे-उचलायचे असल्याने सीट हिशेबापेक्षा एक-दोन सेंटीमीटर खाली ठेवायला हरकत नाही. एका पायाचा चवडा जमिनीला टेकला म्हणजे पुरे. दोन्ही तळवे टेकवायचे असतील तर खुर्ची घ्यावी.

सीटवरून उतरून सायकल पायांमध्ये घेऊन उभे राहिल्यावर मधली नळी आणि शरीर यांच्यात तीन-चार सेंटीमीटरची मोकळी हवा लागते. तिचे महत्त्व अचानक ब्रेक लागल्यावर कळते आणि एकदाच कळते. ई-सायकलीत बॅटरी बहुधा तिरक्या नळीत दडवलेली असते, काहींत ती कॅरिअरखाली असते. कॅरिअरखाली बॅटरी, त्यावर डबा-पिशवी, आणि मागून टांग मारायची, म्हणजे पाय कुठल्या उंचीवरून न्यावा लागेल याचा अंदाज दुकानात येत नाही, कारण दुकानात डबा नसतो. मधली नळी खाली वाकवलेली, ज्यात पाय पुढूनच ओलांडता येतो अशी फ्रेम खरे म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच सोयीची. साडी, सलवार-कमीज, धोतर, कंबरेचा जुना आजार, सर्वांना ती सामावून घेते. पण दुकानात तिचे नाव ‘लेडीज’. तेवढ्या एका नावापायी साठीतले निवृत्त कर्नलसाहेब पाय डोक्याइतका वर नेत उंच दांड्याच्या सायकलीवर चढतात आणि चढल्यावर आजूबाजूला कोणी पाहिले का ते बघतात. सगळ्यांनी पाहिलेले असते.

हँडलचे अंतर जुने मेकॅनिक कोपराने मोजतात. कोपर सीटच्या टोकाला टेकवून हात पुढे पसरला, की मधल्या बोटाचे टोक हँडलच्या आसपास पोचावे. ढोबळ रीत आहे, पण काहीच न मोजण्यापेक्षा कितीतरी बरी. बसल्यावर कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल, मनगट सरळ. अंतर जास्त झाले, तर अंगाचे सगळे वजन तळहातांवर येते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मुंग्या येऊन बधिर होते. तिथली नस दाबली जाते म्हणून तसे होते. ग्राहक मात्र दोष मोटरच्या ‘करंट’ला देऊन सर्व्हिस सेंटरला फोन करतो. शहरात वापरायची सायकल सीटइतक्याच किंवा थोड्या उंच हँडलची असावी, म्हणजे मान न ताणता पुढची गाडी दिसते. चंडीगडमध्ये ती बहुधा बरीच मोठी आणि एकटाच माणूस बसलेली असते.

सीटबाबत सर्वांत लोकप्रिय चूक म्हणजे मऊपणा. बोटाने दाबून जी जास्त दबते ती चांगली, असे समजून लोक सोफ्याच्या घराण्यातली सीट निवडतात. बसताना शरीराचा भार ढुंगणातल्या दोन हाडांवर यायला हवा. गादी फार मऊ असली की ती हाडे आत रुततात, आजूबाजूचा मऊ भाग दबतो, आणि अर्ध्या तासाने माणूस एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर असा बसू लागतो. रुंदी त्या दोन हाडांमधल्या अंतराप्रमाणे घ्यायची. माणूस जितका ताठ बसणार, तितकी सीट रुंद. पुढे झुकून चालवणाऱ्याला अरुंद. नालीदार पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कडक स्टुलावर मिनिटभर बसले, की दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजायचे. हा पुठ्ठा दुकानात घेऊन जाण्याचे धैर्य ज्याच्यात असेल त्याला सीट हमखास बरोबर मिळते.

मोटरही अंगाला बसावी लागते, हे कोणी सांगत नाही. स्वस्त सायकलींत पायडल फिरतेय की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर असतो. तो पहिल्या अर्ध्याएक फेरीला गप्प राहतो, मग पूर्ण शक्तीने जागा होतो, आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलतच राहतो. महाग सायकलींत पाय किती जोर लावतोय हे मोजणारा सेन्सर असतो. त्याची मदत पायाच्या प्रमाणात येते. फरक कागदावर किरकोळ, मटका चौकात जबरदस्त. चंडीगडच्या वर्तुळाकार चौकांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, असा नियम आहे; तेव्हा थांब, थोडा सरक, पुन्हा थांब असे चालते. थोडेसेच सरकायचे म्हणून पायडल फिरवणाऱ्या माणसाला पहिल्या जातीची सायकल मनाविरुद्ध पुढच्या मोटारीच्या डिकीची ओळख करून देते. म्हणून ब्रेक दाबताच मोटर तोडणारी सोय आहे का, हे पाहावे, आणि ब्रेकची मूठ आपल्या बोटांना पोचते का तेही. लहान हातांच्या बायकांना ती हमखास लांब पडते; मुठीजवळच्या छोट्या स्क्रूने ती बऱ्याचदा जवळ आणता येते. दुकानदाराला हा स्क्रू माहीत असेल, तर दुकान चांगले समजावे.

राहिले वजन. साधी सायकल पंधरा किलोंच्या आसपास, ही वीस ते पंचवीस. तळमजल्यावर अंगण असलेल्या जुन्या सेक्टरांतल्या कोठीत याचा विचारही करावा लागत नाही. दक्षिणेकडच्या सेक्टरांतल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने मात्र बॅटरी सुटी करून वर नेता येते का, हे आधी विचारावे. नाहीतर पार्किंगपासून स्वयंपाकघरापर्यंत वायर टाकण्याची योजना सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर मांडावी लागते. जानेवारीतल्या धुक्यात, चार-पाच अंशांच्या थंडीत, लिथियम बॅटरी उन्हाळ्यापेक्षा कमी पल्ला देते. मे-जूनमध्ये उलटी काळजी : उन्हात तापलेली बॅटरी आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नये.

आणि पल्ला संपतो तो नेहमी घरापासून लांब. त्या क्षणी ई-सायकल ही फक्त एक फार जड सायकल उरते, आणि सीटची उंची, हँडलचे अंतर, फ्रेमचे माप या सगळ्या गोष्टी, ज्या मोटरने इतके दिवस झाकून ठेवल्या होत्या, एकदम बाहेर येतात. तेव्हा ही परीक्षा दुकानातच घ्यावी. रोजच्या कपड्यांत, रोजची पिशवी घेऊन जावे. दुकानदाराकडून सीट लावून घ्यावी. आणि मोटर पूर्ण बंद करून सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे चालवावी. नुसत्या पायांनी जी सायकल सहन होते, तीच मोटर लावून सुखाची होते. चालवून बघायला नाही म्हणणाऱ्या दुकानदाराशी वाद घालू नये. चंडीगडमध्ये पुढचे दुकान काटकोनात वळले की सापडते.